आईच्या हातचा लेप

नर्सच्या नोकरीतली माझी बरीच वर्षं अमरावतीत, सर्जिकल वॉर्डाला लागून असलेल्या ड्रेसिंगच्या खोलीत गेली आहेत. सकाळी ट्रॉली लावायची आणि मग दुपारपर्यंत एकामागून एक पाय, हात, पाठी. पट्टी सोडायच्या आधीच तिच्या रंगावरून आत काय असेल ते मला कळतं. पिवळी असेल तर हळद. काळपट असेल तर तंबाखू किंवा राख. पांढरी, कडक झालेली असेल तर चुना, नाहीतर टूथपेस्ट. एकदा एका बाईच्या भाजलेल्या हातावर निळी शाई निघाली होती. हे सगळं आधी सलाईननं भिजवून मऊ करायचं आणि मग चिमट्यानं थोडं थोडं काढायचं. माणूस कण्हत असतो, बाहेर रांग असते, आणि आपल्या तोंडून आपोआप प्रश्न निघतो, "हे कोणी लावायला सांगितलं?"

उत्तरही ठरलेलं असतं. "आमच्या गल्लीत एक बाई आहेत." नाहीतर, "शेजारच्या मावशीनं लावलं." त्या न पाहिलेल्या बाईवर मी मनातल्या मनात फार चिडायची. माझी आई अकोल्याला, जुन्या शहरात राहते, आणि तिच्या गल्लीपुरती ती बाई म्हणजे आईच होती. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण या दोन गोष्टी मी कधी एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या.

आईचा लेप सगळ्या गल्लीला माहीत होता. जुन्या सुती कपड्याची चिंधी जाळून केलेली राख, हळद, कंबरमोडीचा वाळवलेला पाला आणि खोबरेल तेल. कंबरमोडी कुठंही उगवते, मोर्णा नदीच्या काठानं, नालीच्या कडेनं, पडक्या भिंतीतून. आई ती आणून सावलीत वाळवायची आणि हातानं चुरून बरणीत भरून ठेवायची. कोणाला कापलं, खरचटलं की तो आईच्या दारात यायचा. ती लेप लावायची, वापरून मऊ झालेल्या लुगड्याची पट्टी बांधायची आणि सांगायची, "तीन दिवस पानी लागू देऊ नोको." बहुतेकांचं बरंही व्हायचं. लहानपणी सायकलवरून पडून माझा गुडघा फुटला होता, तोही त्याच लेपाखाली भरला.

पुढे शिकल्यावर मला कळलं, की धडधाकट अंगावरची साधी जखम बहुतेक वेळा आपली आपणच भरते, वर काय थापलं आहे ते न बघता. नोकरी लागल्यावर मी आईला हे सांगून पाहिलं. ती म्हणाली, "तुह्या गुडघ्याले विचार." मी हसले आणि विषय सोडून दिला. नंतर बाबा गेले. आईचा दिवस मोकळा झाला. दारात कोणी येऊन "मावशी, जरा पाहता काय" म्हणालं की तिचा चेहरा उजळायचा, ती लगबगीनं उठायची. ते पाहूनही मी विषय काढायचं टाळलं असेल. आणि खरं सांगायचं तर दिवसभर अनोळखी लोकांना तेच ते सांगून झाल्यावर घरी आईलाही सांगायचं, एवढं त्राण माझ्यात नसायचं.

समोरच्या घरात काकू राहतात. त्या आणि त्यांचा मुलगा, दोघंच. मुलगा अकोटला एका शाळेत कारकून आहे, सकाळच्या एसटीनं जातो, संध्याकाळी परत येतो. काकू आईपेक्षा थोड्या लहान. दोघींनी तीस-पस्तीस उन्हाळे एकमेकींच्या अंगणात पापड घातले आहेत. काकूंना शुगर होती. गोळ्या चालू होत्या, म्हणजे घरात होत्या. आठवण झाली की घ्यायच्या.

त्या वर्षी एप्रिलातच ऊन असह्य झालं होतं. काकू कूलरमध्ये पाणी भरायला गेल्या आणि कूलरच्या लोखंडी स्टँडचा कोपरा त्यांच्या डाव्या पायाच्या करंगळीला लागला. कातडं सोललं, थोडं रक्त आलं. त्या रस्ता ओलांडून आईकडे आल्या. आईनं लेप लावला, पट्टी बांधली. चौथ्या दिवशी पुन्हा लावला. मग रोजच लावायला लागली, कारण जखम ओली दिसत होती आणि ओली जखम सुकवायला लेप हवा, असा तिचा हिशेब.

मी त्या आठवड्यात रविवारी अकोल्याला गेले होते. वॉर्डात दोघीजणी रजेवर होत्या, मी सलग डबल ड्युटी करून आले होते. बडनेऱ्याहून गाडीत बसायला जागा मिळाली नव्हती. आईकडे पोचले, पंख्याखाली आडवी झाले, तेवढ्यात काकू चहाला आल्या. पायाला पट्टी होती. मी विचारलं, "काय झालं काकू?"

"काई नाई वं, लागलं जरासं. तुह्या आईनं बांधून देल्लं. दुखत तं बिलकुल नाई."

"पाह्य, बिलकुल दुखत नाई," आई म्हणाली. तिच्या आवाजात थोडं मला ऐकवणं होतं.

शुगरच्या माणसाची जखम दुखत नाही, ही आनंदाची गोष्ट नसते. पायाची जाणीवच गेलेली असते, म्हणून दुखत नाही. हे मी वॉर्डात दर आठवड्याला कोणाला ना कोणाला सांगते. त्या दिवशीही माझ्या डोक्यात ते आलं. पट्टी सोडून बघायला दोन मिनिटं लागली असती. पण हात धुवा, खाली बसा, ती राख पाण्यानं काढा, मग आईशी वाद. मी कपातला चहा संपवला आणि म्हणाले, "काकू, उद्या एखाद्या डॉक्टरले दाखवून घ्या. शुगर हाय तुमाले."

"दाखवीन ना," काकू म्हणाल्या.

मी पुन्हा आडवी झाले. संध्याकाळच्या गाडीनं अमरावतीला परतले.

पुढच्या रविवारी आईकडे जाण्याआधी मी थेट काकूंच्या घरात शिरले. त्या खाटेवर झोपल्या होत्या. अंगात ताप होता. दारातच मला तो वास आला. ड्रेसिंगच्या खोलीत रोज येतो तोच, गोडसर, कुजका. राहत्या घरात, देवाच्या फोटोशेजारी, तो मी पहिल्यांदा घेतला. पट्टी सोडली. वर लेपाची काळी-पिवळी खपली होती, वाळून कडक झालेली, आणि ती बोटानं दाबल्यावर कडेनं पू आला. करंगळी काळी पडली होती. शेजारचं बोट निळसर. पावलावर लाली घोट्यापर्यंत चढली होती.

आई मागे येऊन उभी राहिली होती. "कालच त नवीन लावला," ती म्हणाली.

"आई, अ‍ॅटो बोलाव," मी म्हणाले.

काकूंचा मुलगा शाळेच्या कामासाठी अकोटलाच होता. त्याला फोन केला. मी आणि आई, दोघींनी काकूंना अ‍ॅटोत घातलं आणि पूल ओलांडून दवाखान्यात नेलं. ड्रेसिंगच्या खोलीत माझ्यापेक्षा बरीच लहान एक सिस्टर होती. तिनं सलाईन ओतलं, चिमटा घेतला. माझी बोटं शिवशिवत होती, पण खोली माझी नव्हती. मी भिंतीशी उभी राहिले. आई दारात, पदर तोंडाशी धरून. सिस्टर खालमानेनं खपली काढत होती. ती वर न बघता म्हणाली, "आजी, हे कोणी लावायला सांगितलं?"

तो सूर मला ओळखीचा होता. तो माझाच होता. त्यात राग कमी असतो, थकवा जास्त. आणि समोरच्या माणसाला मात्र तो रागच वाटतो.

काकूंनी आईकडे पाहिलं नाही. छताकडे बघत त्या म्हणाल्या, "कोनी नाई बाई. मीच लावलं."

"तुम्हीच? रोज?"

"हो. मीच."

सिस्टरनं मान हलवली आणि काम चालू ठेवलं. मी आईकडे पाहिलं. तिनं पदर खाली घेतला होता. मग ती बाहेर जाऊन बाकावर बसली. मीही खरं काय ते सांगू शकले असते. सांगितलं नाही. उपचारात त्यानं काही फरक पडणार नाही, असं स्वतःला म्हणाले. ते खरंही होतं.

तासाभरानं मुलगा आला. डॉक्टरांनी त्याला सांगितलं, दोन बोटं काढावी लागतील, आणि उशीर केला तर तेवढ्यावर भागणार नाही. त्यानं सही केली. व्हरांड्यात तो माझ्याजवळ येऊन उभा राहिला. लहानपणापासून मला ताई म्हणतो. आईचा लेप त्यानंही कितीदा लावून घेतला होता. आईला तो काही बोलला नाही. मला म्हणाला, "ताई, तुमी त नर्स हाय. मागच्या रविवारी तुमी इथंच होत्या ना?"

"होते," मी म्हणाले.

"मंग कावून नाई पाह्यलं?"

तो ओरडला नव्हता. त्याला खरोखरच उत्तर हवं होतं. मी थकले होते, हे उत्तर मी त्याला कसं देणार होते. मी म्हणाले, "चुकलं माझं." तो आत गेला.

परत येताना अ‍ॅटोत आई बाहेर बघत बसली. पुलावर गर्दीत अ‍ॅटो थांबला, तेव्हा तिनं विचारलं, "तिनं खोटं कावून सांगितलं?"

"तुले वाचवाले."

"मले कोन काय करत होतं?"

"कोणी काही करत नव्हतं. तरी."

अ‍ॅटो हलला. घरी आल्यावर तिनं स्वयंपाक केला, मला वाढलं, स्वतः जेवली नाही. मी वाद घालायच्या तयारीत होते. ती म्हणेल, इतक्यांचं बरं झालं, एकीचं नाही झालं, ते शुगरमुळं. त्यावर काय म्हणायचं तेही मी ठरवून ठेवलं होतं. ती तसलं काहीच म्हणाली नाही. भांडी घासून झाल्यावर तिनं विचारलं, "पयल्या दिवशी नेलं असतं त बोटं राह्यली असती काय?"

"बहुतेक."

"आन मागच्या रविवारी?"

मी म्हणाले, "कदाचित." त्या एका शब्दात आम्ही दोघीही होतो. तिला ते कळलं. ती उठून ओटा पुसायला लागली.

ऑपरेशन झालं. काकूंची बोटं गेली, पाय वाचला. तीनेक आठवडे त्या दवाखान्यात होत्या, इन्शुलिन सुरू झालं. आई पहिले काही दिवस गेली नाही. मग एक दिवस डब्यात फुलके आणि थर्मासमध्ये बिनसाखरेचा चहा घेऊन गेली, आणि मग रोजच जायला लागली. मुलगा तिच्याशी बोलायचा नाही. ती आली की तो बाहेर जाऊन उभा राहायचा. आई डबा ठेवायची, काकूंचे केस विंचरून द्यायची, परत यायची. या सगळ्याचं तिनं मला फोनवर कधी वर्णन केलं नाही. काकूंनी केलं.

घरी आणल्यावर रोजचं ड्रेसिंग आलं. जखम खोल होती, आतून वर भरून यायची होती, त्याला महिने लागतात. मुलगा रजा काढून काकूंना रोज दवाखान्यात न्यायचा. रजा संपत आल्या. मी माझ्या सुटीला अमरावतीहून जायची. उन्हात गाडीतून उतरायचं, अ‍ॅटोनं जुन्या शहरात जायचं, काकूंच्या खाटेजवळ खाली बसायचं आणि आठवडाभर वॉर्डात जे केलं तेच पुन्हा करायचं. नवरा म्हणाला, सुटी म्हणजे तुझी अजून एक ड्युटीच झाली. मी त्याच्याशी वाद घातला नाही. हे कशाची फेड म्हणून करत नव्हते. पाय समोर होता आणि करणारं कोणी नव्हतं.

एका रविवारी काकूच मुलाला म्हणाल्या, "समोरचीले शिकू दे. ती रोज करीन."

तो म्हणाला, "आई, पुन्हा त्याच हातानं?"

"हात चांगला हाय तिचा. लावलं ते खराब होतं."

त्यानं काकूंच्या पायाकडे पाहिलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, तुमी समोर बसून शिकवत असान त करू द्या."

मी आईला बोलावलं. ती दारातच थांबली, मग आत आली. मी तिला नखं कापायला लावली. सांधेदुखीसाठी घातलेलं तांब्याचं कडं काढायला लावलं, ते ती वर्षानुवर्षं काढत नव्हती, तिनं मुकाट्यानं काढून खिडकीत ठेवलं. साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे, कुठं शिवायचं, कुठं नाही, गॉज कसा धरायचा, जखम सलाईननं धुताना आतून बाहेर कसं जायचं. नव्या मुलींना शिकवते तसंच शिकवलं. त्या मुली हात मागे घेतात, तोंड फिरवतात. आईनं तोंड फिरवलं नाही. तिनं ती उघडी जागा, जिथं दोन बोटं असायची, नीट पाहिली. पहिल्यांदाच पाहत होती. तिचा हात जरासा थांबला. काकू म्हणाल्या, "कर वं. मले कुठं समजते."

तिचा हात खरोखर चांगला होता. हलका, घाई न करणारा. माझ्या वॉर्डात तसे हात फार कमी आहेत, माझा तर नाहीच. मला ते पाहून बरं वाटायला हवं होतं. मला फक्त वाटलं, ही बाई शिकली असती तर. आणि मग तेही वाटणं सोडून दिलं, कारण अजून इन्शुलिनच्या सुया-सिरिंज मोजून द्यायच्या होत्या.

पुढले दोन-अडीच महिने आईनं रोज सकाळी ते केलं. मला मोबाईलवर रोज जखमेचा फोटो यायचा. आईला पाठवता यायचं नाही, म्हणून काकूंचा मुलगा एसटीला निघायच्या आधी पाठवून द्यायचा. अशा रीतीनं त्या दोघांचं बोलणं पुन्हा सुरू झालं, आधी जखमेपुरतं. लाल झाली का, ओली किती, वास येतो का. दोघं मिळून ते बघायचे. जखम लहान होत गेली. पोळ्याच्या सुमाराला ती बुजली.

आईनं बरणीतला पाला फेकून दिला आणि बरणीत मेथीदाणे भरले. लोक अजून यायचे. कोणाचा हात भाजला, कोणाला पत्रा लागला. ती म्हणायची, "साध्या पान्यानं धू आन दवाखान्यात दाखव. शुगर असन त आजच दाखव." लोकांना ते आवडायचं नाही. एक बाई मला म्हणाली, "तुह्या आईचा हातगुण गेला वाटते." दुसरीनं म्हणे आईला तोंडावर सांगितलं, की पोरगी नर्स असल्याचा ताठा आला. हळूहळू येणं कमी झालं. दुपारी आई दारात बसते आणि गल्लीतून लोक सरळ पुढे जातात. मी इतकी वर्षं मनातल्या मनात हेच मागत होते, की त्या बाईनं हे बंद करावं. ते झालं. त्यात जिंकल्यासारखं मला काही वाटलं नाही. आईच्या अंगातून काहीतरी काढून घेतलं गेलं होतं आणि त्याच्या जागी द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. गल्लीच्या मागच्या बाजूला एक आजोबा आता तसलाच लेप लावतात, असं काकूंनी सांगितलं. चुन्याचा.

काकू चालतात. त्यांच्यासाठी मऊ तळव्याची चप्पल करून घेतली आहे, तरी डावं पाऊल थोडं बाहेर पडतं. आई रोज रात्री जेवणाआधी त्यांचा पाय मांडीवर घेऊन बोटांच्या मधल्या जागा बघते, कुठं भेग नाही ना, कुठं फोड नाही ना. काकू तेवढ्या वेळात तिला टीव्हीवरची मालिका सांगत बसतात.

गेल्या महिन्यात दोघी अकोटला गेल्या होत्या, काकूंच्या बहिणीच्या नातवाचं बारसं होतं. मी फोनवर म्हटलं होतं, फार चालू नका, स्टँडवरून अ‍ॅटो करा. संध्याकाळी आईचा फोन आला. अ‍ॅटो लवकर मिळाला नाही म्हणून त्या स्टँडवरून पायीच गेल्या होत्या, भर दुपारी, आणि येताना बाजारातून चिंच घेऊन आल्या होत्या.

"पाय पाह्यला काय?" मी विचारलं.

"पाह्यला. चांगला हाय. जरासा लाल हाय टाचेले."

"उद्या सकाळी फोटो पाठव."

"पाठवतो म्हने तिचा पोरगा," आई म्हणाली. मग तिनं बारशाला काय काय केलं होतं ते सांगितलं, पोराचं नाव काय ठेवलं, कोण कोण आलं होतं. मी हो हो म्हणत राहिले. दुसऱ्या दिवशी माझी सकाळची ड्युटी होती, आणि इस्त्रीचा युनिफॉर्म अजून दुकानातून आणायचा होता.